आपली ‘मशीद’ : एका शब्दाची वंशावळ



आपल्या घरांतील वडीलधारी माणसे सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत आली. “शाब्बाथचे मशिदीत जाऊन येते”, “सणाचे मशिदीत लवकर जा, बसायला जागा मिळणार नाही” अशी वाक्ये कोकणात वा मुंबईत कोणाला खटकत नसत. इस्राएलात मात्र हाच शब्द अडचणीचा झाला आहे. इथे जन्मलेल्या मुलांना हिब्रूतील ‘मिसगाद’ शब्द ठाऊक असतो आणि त्यांच्या लेखी त्याचा अर्थ एकच, मुसलमानांचे प्रार्थनास्थळ. त्यामुळे आजीच्या तोंडून ‘मशीद’ ऐकताच नातू दचकतो आणि सून हळूच सांगते, “आई, पाहुण्यांसमोर तो शब्द नको.” काही घरांत तो शब्द असा गप्प बसविला गेला आहे.

उलट, काही मंडळी अभिमानाने सांगतात की, नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून आपले पूर्वज जमिनीला लागले, तेव्हा हा शब्द ते हिब्रूतूनच बरोबर घेऊन आले होते. एका बाजूला लाज, दुसऱ्या बाजूला फाजील अभिमान. शब्दाची वंशावळ शांतपणे पाहिली तर दोहोंचीही गरज उरत नाही. ती वंशावळ या लेखात पाहू.

१. तीन अक्षरांचे घराणे

हिब्रू, आरामी, अरबी आणि इथिओपियाची जुनी गीझ भाषा या सख्ख्या बहिणी आहेत. या भाषांतील बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळापासून तयार होतात. आपला ‘शालोम’ आणि अरबांचा ‘सलाम’ हे एकाच मुळाचे, हे सर्वांना माहीत आहेच.

आपल्या शब्दाचे मूळ आहे स-ग-द. हिब्रूत सामेख, गिमेल, दालेथ. अर्थ : वाकणे, कपाळ जमिनीला टेकणे, मराठीत सांगायचे तर दंडवत घालणे. या मुळाच्या आधी ‘म’ लावला की, ती क्रिया जिथे होते ती जागा असा अर्थ निघतो. हा ‘म’ आपल्या ओळखीचा आहे. शाखान म्हणजे वस्ती करणे, त्यापासून मिश्कान, म्हणजे रानातील निवासमंडप. झाबाह म्हणजे बळी अर्पिणे, त्यापासून मिझ्बेआह, म्हणजे वेदी. अरबीतही हाच नियम चालतो. जलस म्हणजे बसणे, त्यापासून मजलिस. कतब म्हणजे लिहिणे, त्यापासून मक्तब. तबख म्हणजे शिजविणे, त्यापासून मतबख. आणि मराठी दरबारी भाषेतील ‘मुदपाकखाना’ हा याच मतबखचा वंशज आहे.

तसेच स-ग-द ला ‘म’ लागून हिब्रूत मिसगाद आणि अरबीत मस्जिद झाले. हिब्रूचा गिमेल अरबीत बहुधा जीम होतो, म्हणून ग चा ज झाला. उंटाला आपण हिब्रूत गामाल म्हणतो, अरब जमल म्हणतात. बागेला आपण गान म्हणतो, अरबीत जन्ना. गंमत अशी की, कैरोकडचे लोक जीमचा उच्चार ‘ग’ असाच करतात. त्यांच्या तोंडी आजही ‘मसगिद’ ऐकू येते.

तेव्हा शब्दाचा मूळ अर्थ एवढाच : वाकण्याची जागा. कोणी वाकायचे, कोणापुढे वाकायचे, हे त्या शब्दात कुठेही सांगितलेले नाही.

२. तनाखमध्ये आणि सिद्दूरमध्ये

हे क्रियापद आपल्या पवित्र शास्त्रात आहे काय? आहे. परंतु जिथे आहे ती ठिकाणे नीट पाहिली पाहिजेत.

हिब्रू भागात ते फक्त यशाया संदेष्ट्याच्या पुस्तकात येते. अध्याय ४४ मध्ये वचने १५, १७ व १९ आणि अध्याय ४६ मध्ये वचन ६. चारही ठिकाणी संदेष्टा मूर्तिपूजकाची खोड काढीत आहे. एकाच लाकडाच्या अर्ध्या भागावर माणूस भाकर भाजतो आणि उरलेल्या अर्ध्याचा देव करून त्यालाच दंडवत घालतो, असा त्याचा टोमणा आहे. एलोहीमपुढे नमन करण्यासाठी तनाख बहुधा दुसरे क्रियापद वापरतो, हिश्ताहावा.

म्हणजे हे मूळ कायमचे मूर्तीला जोडलेले आहे काय? तसेही नाही. दानीएलच्या पुस्तकातील आरामी भाग उघडावा. अध्याय ३ मध्ये राजा नबुखद्नेस्सर सोन्याची मूर्ती उभारतो आणि सर्वांनी तिला ‘सगद’ करावे असा हुकूम सोडतो. हनन्या, मिशाएल व अजऱ्या नकार देतात आणि भट्टीत टाकले जातात. पुढे वचन २८ मध्ये राजाच कबूल करतो की, हे तिघे स्वतःच्या एलोहीमवाचून कोणापुढेही सगद करणारे नव्हेत. मूर्तीपुढचे वाकणे आणि एलोहीमपुढचे वाकणे, दोहोंना तिथे एकच क्रियापद आहे. फरक शब्दात नाही. समोर कोण आहे, त्यात आहे.

आता सिद्दूर घ्या. सेफेर तौरा बाहेर काढण्यासाठी हेखाल उघडतात तेव्हा ‘बेरीख शेमे’ ही आरामी प्रार्थना म्हणतात. ती झोहार ग्रंथातील आहे. तिच्यात भक्त म्हणतो की, मी त्या पवित्राचा दास आहे आणि त्याच्यापुढे वाकतो. या ‘वाकतो’ साठी शब्द आहे ‘देसागिदना’. त्यातला पहिला ‘दे’ बाजूला ठेवला की स-ग-द उघडे पडते. मशीद शब्दाचे मूळ ज्यांना परके वाटते, त्यांच्या स्वतःच्या मुखी ते हेखालसमोर उभे असताना येत असते.

३. नाईल नदीतले यहुदी

क्रियापद झाले. ‘म’ लावलेला, जागा दाखविणारा शब्द यहुद्यांनी कधी वापरला होता काय?

मिसर देशात, आस्वानजवळ, नाईल नदीत एलेफंटाइन नावाचे बेट आहे. जुन्या कागदांत त्याचे नाव येब असे आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात इराणी बादशाहीच्या चाकरीतील यहुदी शिपायांची तिथे वसाहत होती. त्यांचे स्वतःचे मंदिर होते, ते इ. स. पूर्व ४१० मध्ये पाडले गेले आणि ते पुन्हा बांधण्याची परवानगी मागणारे त्यांचे पत्र इ. स. पूर्व ४०७ चे आहे. पपायरसवर आरामी भाषेत लिहिलेले त्यांचे करार, पत्रे व शपथा कोरड्या हवेमुळे टिकून राहिल्या. त्यांतील एका शपथेच्या कागदात ‘मसगदा’ हा शब्द आला आहे. मनुष्य त्याची शपथ वाहत आहे, त्याअर्थी ती पवित्र जागा वा वस्तू होती हे उघड आहे.

हा कागद इस्लामच्या उदयापूर्वी सुमारे एक हजार वर्षांचा आहे. पुढे पेत्रा व बोस्राकडील नबाती लोकांच्या आरामी शिलालेखांतही हा शब्द देवाला अर्पण केलेल्या दगडासाठी आढळतो. कुराणातील परक्या शब्दांवर आर्थर जेफ्री यांनी १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्यांनीही मस्जिद हा शब्द अरबीत आरामीतून आला असे मत दिले आहे. अरबांनी सातव्या शतकात त्याला जगभर नेले हे खरे. पण तो जन्मला मात्र त्यांच्या आधीच्या घरात.

४. अरबस्तानातून स्पेनला आणि दख्खनला

अरबांबरोबर हा शब्द पश्चिमेस स्पेनमध्ये गेला व तिथे मेस्कीता झाला. इटालियनात मोस्केआ, फ्रेंचमध्ये मोस्के, इंग्रजीत मॉस्क ही सर्व त्याच शब्दाची नातवंडे. कॉर्डोबा शहरातील प्रख्यात मशीद १२३६ पासून ख्रिस्ती लोकांचे कॅथेड्रल आहे. तरी साडेसातशेहून अधिक वर्षे झाली, लोक तिला मेस्कीताच म्हणतात. इतकेच नव्हे, पोर्तुगालकडून हॉलंडला गेलेल्या सेफार्दी यहुद्यांत ‘दे मेस्किता’ असे आडनाव आहे. ॲम्स्टरडॅमचे चित्रकार सॅम्युएल येसुरून दे मेस्किता (१८६८–१९४४) हे एशर या प्रसिद्ध चित्रकाराचे गुरू. १९४४ मध्ये नाझींनी त्यांना आउश्विट्झ येथे ठार केले. आडनावात मशीद असल्याने त्यांचे यहुदीपण कोणाच्या नजरेतून सुटले नाही.

पूर्वेकडे हा शब्द फारसीत गेला आणि बहामनी, निजामशाही, आदिलशाही यांच्या कारभाराबरोबर मराठीत उतरला. मराठीने त्याला आपल्या वळणावर घेतले. ‘स्ज’ हे जोडाक्षर जिभेला जड, म्हणून ज गळला आणि त्याच्या मोबदल्यात इकार दीर्घ झाला. पंजाबीतही असेच ‘मसीत’ झाले आहे. इकारापूर्वीच्या स चा श करणे ही मराठीची जुनी सवय. सिपाहीचा शिपाई, सिक्क्याचा शिक्का, सिलहदाराचा शिलेदार, तशी मस्जिदची मशीद. अरबीत व हिब्रूत हा शब्द पुल्लिंगी आहे. मराठीत तो ‘ती मशीद’ झाला.

आता अभिमानी मंडळींना उत्तर मिळते. आपल्या पूर्वजांनी गलबतातून हा शब्द आणला असता, तर त्याचे रूप गिमेल घेऊन आले असते. ‘मशीद’ या रूपावर फारसी व दख्खनी जिभेच्या खुणा स्पष्ट आहेत. तो आपण महाराष्ट्राच्या मातीत, शेजाऱ्यांकडून घेतला. घराण्याने तो आपला जुना नातलग; पण भेटला तो परमुलखात, दुसऱ्याच्या अंगणात.

५. आपल्या पूर्वजांनी हाच शब्द का घेतला?

कोकणातील गावोगाव पसरलेल्या आपल्या शनवार तेली पूर्वजांना सिनेगॉग नव्हते. प्रार्थना घरीच होई. बेने इस्राएलांचे पहिले सिनेगॉग मुंबईत १७९६ साली सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी बांधले. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत सुभेदार होते. टिपू सुलतानाच्या कैदेत असताना आपण ‘बनी इस्राएल’ आहोत असे त्यांनी सांगितले आणि कुराणात या नावाचा उल्लेख असल्याने त्यांचे प्राण वाचले, अशी कथा आपल्याकडे सांगतात. त्या सिनेगॉगचे हिब्रू नाव शाअर हारहमीम, म्हणजे दयेचे द्वार. लोकांच्या तोंडी मात्र ती ‘जुनी मशीद’. १८४० नंतर उभे राहिलेले शाअरे रासोन ती ‘नवी मशीद’. बाजूच्या रेल्वे स्टेशनाच्या नावातील ‘मस्जिद’ ही आपलीच जुनी मशीद, असे समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

नवी वास्तू उभी राहिली की तिला बोलीभाषेत नाव लागते. मराठीत तेव्हा दोनच सोयीचे शब्द होते, देऊळ आणि मशीद. देऊळ हा शब्द ‘देवकुल’ यापासून झाला आहे, म्हणजे देवाचे घर. आणि आत मूर्ती असणार हे त्यात गृहीतच. मूर्ती नसलेले, एका देवापुढे सर्वांनी जमून प्रार्थना करण्याचे ठिकाण सांगणारा शब्द गावच्या मराठीत एकच होता. यशायाचे शब्द कानी नसतानाही आपल्या लोकांनी मूर्तीच्या बाजूचा शब्द टाळला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

व्यवहाराचे इतर शब्दही असेच आले. धर्मकार्य चालविणारे आपले काजी हे नाव अरबी. सिनेगॉगचा मुकादम अरबी, चौगुला मात्र मराठमोळ्या गावगाड्यातला. अव महिन्यातील उपवास तो ‘बिरड्याचा रोजा’. यात रोजा फारसी आणि बिरडे अस्सल कोकणी. किप्पूरला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. शब्द कोठून आला यावरून पाळणूक ठरली नाही. शाब्बाथला घाणा बंद राहिला तो राहिलाच.

पुण्याचे उदाहरण तर फारच मजेचे आहे. बगदादी यहुदी डेव्हिड ससून यांनी तिथे बांधविलेले ओहेल डेव्हिड सिनेगॉग १८६७ मध्ये पुरे झाले. लाल विटांचे, उंच मनोऱ्याचे. पुणेकरांनी त्याचे नाव ठेवले ‘लाल देऊळ’. एकाच धर्माचे प्रार्थनास्थळ मुंबईत मशीद आणि पुण्यात देऊळ! दोन्ही ठिकाणी सेफेर तौरा तोच.

६. शेजारच्या घरांत डोकावू या

आपल्यालाच असे शब्द का, असे वाटून घेण्याचे कारण नाही. कोचीनच्या मलयाळम भाषेत सिनेगॉग म्हणजे ‘जूतपळ्ळी’. पळ्ळी हा शब्द तिथे मशिदीला, चर्चला आणि सिनेगॉगला एकच. बगदादच्या व मोरोक्कोच्या यहुद्यांनी सिनेगॉगला ‘स्ला’ म्हटले; माराकेशमधील एका सिनेगॉगचे नाव ‘स्लात अल-अझामा’ आहे. मुसलमान आपल्या नमाजाला सलात म्हणतात, तोच हा शब्द. उलट, अरब ख्रिस्ती आपल्या चर्चला ‘कनीसा’ म्हणतात, ते आपल्या ‘बेथ कनेसेथ’ च्या मुळाचे. शब्दांनी एकमेकांच्या घरी पाणी भरले आहे.

सर्वांत जवळचे उदाहरण इथिओपियाच्या यहुद्यांचे. गीझ भाषेत ‘सगद’ म्हणजे वाकणे. त्यांचा ‘सिग्द’ हा सण याच मुळाचा. तो हेश्वान महिन्याच्या २९ तारखेस, किप्पूरनंतर पन्नासाव्या दिवशी येतो. त्या दिवशी ते उपवास करतात, त्यांचे केसीम, म्हणजे धर्मगुरू, रंगीत छत्र्यांखाली पवित्र शास्त्र वाचतात आणि लोक यरुशलेमेकडे तोंड करून वाकतात. २००८ साली क्नेसेथने कायदा करून सिग्दला देशाच्या सणांत स्थान दिले. आणि त्यांच्या गावांतील सिनेगॉगला ते काय म्हणत? ‘मसगिद’!

कोकणातल्या डोंगराआडचे आपण आणि इथिओपियाच्या पठारावरचे ते. मधे समुद्र, एकमेकांची वार्ता नाही. तरी दोघांच्या मुखी एकाच मुळाचा शब्द. दोघांनाही इथे आल्यावर “तुम्ही खरे यहुदी काय?” हा प्रश्न सोसावा लागला. आपल्या बांधवांनी यरुशलेमेत धरणे धरल्यानंतर १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेथने बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत असे जाहीर केले. इथिओपियाच्या बांधवांना सेफार्दी मुख्य रब्बी ओवादिया योसेफ यांनी १९७३ साली यहुदी म्हणून मान्यता दिली. त्या दिवसांत ज्यांनी हा प्रश्न सोसला, त्यांना स्वतःचे शब्द लपवावेसे वाटले यात नवल नाही. कोणाच्या हाती आणखी एक पुरावा कशाला द्या, अशी ती भीती होती. पण तो काळ मागे पडला. आता भीती नाही, तरी शब्द लपवणे चालूच आहे, याचे मला वाईट वाटते.

७. मग बोलावे कसे?

माझे सांगणे साधे आहे. प्रत्येक भाषेत त्या भाषेचा अर्थ पाळावा. हिब्रू बोलताना बेथ कनेसेथच म्हणावे. तिथे मिसगाद म्हटले तर ऐकणारा मुसलमानांचे प्रार्थनास्थळच समजेल, आणि त्यात त्याची चूक नाही. मराठी बोलताना आजीने मशीद म्हटले तर तिला थांबवू नये. शिवाजी महाराजांच्या काळी रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचून शेकडो फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले; तरी अर्ज, हुकूम आणि वकील आपण आजही म्हणतोच. शब्द हुकमाने जात नाहीत. ज्यांना तो येतो त्या माणसांबरोबर मात्र ते जातात, आणि आपल्या मराठीचे तसेच होत आहे.

नातवाने विचारले, “सावता, तू मिसगाद का म्हणतेस?” तर गप्प बसू नये, रागावूही नये. त्याला कागदावर सामेख, गिमेल, दालेथ लिहून दाखवावे. दानीएलचा तिसरा अध्याय उघडून द्यावा. हिब्रू येणाऱ्या मुलाला ते मूळ लगेच सापडेल. ‘बेरीख शेमे’ मधील शब्दावर त्याचे बोट ठेवावे. मग त्याला सांगावे की, मशीद म्हणजे वाकण्याची जागा. आपण कोणापुढे वाकतो ते तुला ठाऊक आहेच.

घरचा अभ्यास. शिक्षकाची सवय सुटत नाही, म्हणून थोडा अभ्यास देते. काजी, मुकादम, रोजा आणि मलिदा हे चार शब्द घ्या. मलिदा फारसी ‘मालीदन’, म्हणजे चोळणे, मळणे, यापासून आला, एवढी खूण मी देते. बाकीचे तीन शब्द आपल्या घरातील सर्वांत वयस्कर माणसाला विचारा : तो कुठल्या वाक्यात वापरत, कोण म्हणे, कोणत्या गावी. उत्तर त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून, वहीत लिहून ठेवा. अर्थ पुढे कोशातही सापडेल. ते वाक्य मात्र आज विचारले नाही तर पुन्हा मिळणार नाही.